पुन्हाबाईंचे सातवे पान

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात या वर्षी वाहनतळावरच्या नव्या पत्र्यांना पाऊण पान मिळाले आहे. उद्घाटनाचे छायाचित्र आहे, पत्रे पुरवणाऱ्याचे आभार आहेत, आणि पत्र्यांखाली उभ्या असलेल्या सहा जणांची नावे डावीकडून उजवीकडे दिलेली आहेत. त्याच वर्षी एकतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईंच्या वाट्याला दीड ओळ आली, आणि त्या दीड ओळीतही त्यांचा विषय चुकीचा छापला गेला. मी संपादक मंडळाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. पत्राला उत्तर द्यायचे असते हा समज आमच्याकडे माझ्या पिढीबरोबर संपणार आहे, त्यामुळे त्याचे नवलही वाटले नाही. उरलेल्या ओळी मी येथे लिहीत आहे.

विद्यार्थी त्यांना पुन्हाबाई म्हणत. फळ्यावर एखादी कृती पूर्ण झाली की खडू खाली न ठेवता त्या वर्गाकडे वळून विचारीत, "आता हेच पुन्हा केलं, तर काही बदलतं का?" बदलत नसेल तर काम संपले, बदलत असेल तर ते संपले असे आपल्याला नुसते वाटले होते. मागच्या बाकांवरून त्यांची नक्कल होई. एकदा उपाहारगृहात एका मुलाने चहाचा रिकामा पेला त्यांच्यासमोर धरून "पुन्हा घेतला तर काही बदलतं का, बाई?" असे विचारले. बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "तुझा चहा असेल तर नाही. त्यात मुळातच काही नसतं." त्यांना विनोद कळत नाही असे मानणाऱ्यांत आमचे विभागप्रमुख अग्रणी होते, त्यांना स्वतःला तो कधीच कळला नाही.

शिक्षकांच्या खोलीत बाईंचे टेबल दोन लोखंडी कपाटांच्या मागे होते. कपाटे तेथे तात्पुरती ठेवली होती आणि ती तात्पुरती अकरा वर्षे राहिली. पलीकडून फक्त त्यांच्या पेन्सिलीचा आवाज येई. माझे टेबल कपाटांच्या अलीकडे होते. त्यांचा सर्वांत जवळचा सहकारी कोण, या प्रश्नाला माझ्याखेरीज दुसरे उत्तर नव्हते, आणि ते उत्तर फारसे चांगले नव्हते हे पुढे दिसेलच.

त्या ज्या विषयावर चौदा वर्षे प्रबंध लिहीत होत्या त्याचे नाव ऐकून लोक खिडकीबाहेर पाहू लागत: कॅटेगरी थिअरीतील क्लोजर ऑपरेटर आणि त्यांची संयुक्त क्रिया. बाई त्याला साध्या भाषेत 'पूर्ती' म्हणत. कोणतीही अपुरी यादी घ्यावी, आणि एखाद्या नियमाने तिच्यात जे असायलाच हवे ते सारे भरावे. यादीतले काही गळता कामा नये. मोठ्या यादीची पूर्ती लहान यादीच्या पूर्तीपेक्षा कमी पडता कामा नये. आणि एकदा भरल्यावर तोच नियम पुन्हा लावला तर नव्याने काही भरले जाता कामा नये. अशी क्रिया म्हणजे पूर्ती. कॅटेगरी थिअरीत एका यादीवर भागत नाही. तेथे नियम साऱ्या याद्यांना एकदम लागू असतो, आणि एका यादीकडून दुसरीकडे नेणाऱ्या प्रत्येक बाणाचा, म्हणजे जोडणीचा, मान त्याला राखावा लागतो. बाईंचा प्रश्न त्यापुढचा होता. दोन पूर्ती एकामागून एक लावल्या तर मिळते तीही पूर्तीच असते का? सर्वसाधारणपणे नसते, हे जाणकारांना ठाऊक आहे. एका विशिष्ट अटीखाली ती असतेच, हे बाईंनी सिद्ध केले होते. ते विधान प्रबंधाच्या सातव्या पानावर होते, आणि शेवटची तीन प्रकरणे त्याच्याच खांद्यावर उभी होती.

ही पदवी त्यांना वयाच्या साठीजवळ कशासाठी हवी आहे, याविषयी विभागात तर्क चालत. कोणी पगार म्हणे, कोणी दारावरच्या पाटीत 'डॉक्टर' हवे म्हणे. मी एकदा सरळ विचारले.

"मला एक विद्यार्थी हवा आहे," बाई म्हणाल्या. "एकच."

"कशाला?"

"बोलायला."

"बोलायला आम्ही आहोत की, बाई."

"तुमच्याशी बोलतेच मी. हे बोलायला." आणि त्यांनी वहीवर बोट ठेवले.

नियम असा होता की पदवीखेरीज संशोधनाचे मार्गदर्शक होता येत नाही, आणि जो मार्गदर्शक असेल त्याला साठीनंतर आणखी तीन वर्षे सेवेत राहता येते. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एक मुलगी शिकवण्या करीत दोन वर्षे थांबली होती. बाईंना मान्यता मिळाली की त्यांच्याकडेच नाव नोंदवायचे, असे तिने ठरवले होते. चौदा वर्षांनंतर बाईंच्या हिशेबात एवढेच होते: तीन वर्षे आणि एक मुलगी, जिला पूर्ती म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.

त्यांच्याही प्रबंधाला मार्गदर्शक होते, कागदोपत्री. ते म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांनी मुखपृष्ठ वाचले होते, कारण त्यावर त्यांचे नाव होते. मीही त्यांच्याहून वेगळा नव्हतो. सहा वर्षांपूर्वी बाईंनी मला पहिली बारा पाने दिली होती. "सवडीनं वाचा," त्या म्हणाल्या, "आणि अडखळाल तिथे खूण करा." पाने सहा आठवडे माझ्या खणात पडून होती. मी स्वतः पदवी मिळवली ती कोणीही वाचला नाही अशा प्रबंधावर, आणि त्यानंतर गणिताचे काही वाचावे असा प्रसंग माझ्यावर आमच्या संस्थेने कधी येऊ दिला नाही. वेळापत्रके, उपस्थितीची पत्रके, तपासणी समितीसाठी रंगवलेले अहवाल यांतून डोके वर काढणाऱ्याला येथे रिकामटेकडा समजतात. सातव्या आठवड्यात मी पाने परत केली आणि म्हणालो, "वाचली. छान आहे." बाईंनी पाने उलटून पाहिली. एकही खूण नव्हती. "बरं," त्या म्हणाल्या.

यथावकाश प्रबंध सादर झाला. बाहेरच्या दोन परीक्षकांनी तो स्वीकारला. दोघांचे अहवाल दीड-दीड पानाचे होते आणि त्यांतील एक परिच्छेद शब्दशः सारखा होता. तोंडी परीक्षेची तारीख ठरली. ती परीक्षा म्हणजे उपचार असतो: उमेदवाराने अर्धा तास बोलायचे, परीक्षकांनी एक सोपा प्रश्न विचारायचा, सर्वांनी जेवायला जायचे. बाईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. सारे वेळेत बसत होते.

परीक्षेला इतर विभागांतले लोकही येऊन बसतात. त्यांना कळेल असे एक उदाहरण सुरुवातीला द्यावे, असे बाईंच्या मनात आले. चौदा वर्षांत त्यांना असे उदाहरण कधी लागलेच नव्हते, कारण समजावून सांगायला समोर कोणी नव्हते. स्वतःची खात्री करायला त्या जी उदाहरणे घेत ती अवघड असत, आणि योगायोगाने त्या सगळ्यांत नियमांचा क्रम कोणताही घेतला तरी फरक पडत नसे.

सोपे उदाहरण त्यांना घरातच सापडले. चार वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाची निमंत्रणांची यादी भावाने त्यांच्यावर सोपवली होती: "ताई, तुझं डोकं चालतं, तूच कर." त्यांनी दोन नियम केले. यादीत विवाहित पुरुष असेल, तर त्याची बायको आलीच पाहिजे. यादीत विवाहित बाई असेल, तर तिची आई आली पाहिजे, आणि आईची आई हयात असेल तर तीही. मग त्यांनी एका बैठकीत सगळ्या बायकांच्या आया भरल्या, आणि दुसऱ्या बैठकीत सगळ्या पुरुषांच्या बायका. भावाचे नाव यादीत पहिले होते. दुसऱ्या बैठकीत वहिनी आली. पण आयांची बैठक तोवर उरकलेली होती. नवऱ्यामुलाची सख्खी आजी, वहिनीची आई, निमंत्रणाविना राहिली. वहिनी तीन महिने बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढेच म्हणाली, "तुमच्या गणितात माझी आई बसत नाही वाटतं, वन्सं."

आता तोच प्रसंग बाईंनी कागदावर तीन ठिपक्यांनी मांडला: भाऊ, वहिनी, वहिनीची आई. आधी बायका आणि मग आया, असा क्रम घेतला तर एका फेरीत यादी पूर्ण होते. आधी आया आणि मग बायका, असा घेतला तर आई बाहेर राहते. तीच फेरी पुन्हा केली तर ती आत येते. म्हणजे पुन्हा केल्याने बदल होतो. म्हणजे ही पूर्ती नव्हे. सातव्या पानावरची अट या तीन ठिपक्यांना तंतोतंत लागू होती. बाईंनी सिद्धता काढून ओळीओळीने पाहिली. सिद्धता निर्दोष होती; फक्त ती पहिल्या क्रमाची होती. विधान, आणि त्यानंतरची तिन्ही प्रकरणे, दुसऱ्या क्रमाची होती.

परीक्षेला आठ दिवस असताना त्या कपाटांच्या अलीकडे आल्या. माझ्यासमोर बसल्या. त्या कधी बसत नसत.

"सातव्या पानावर चूक आहे."

"दुरुस्त होईल."

"नाही होणार. ते विधानच खोटं आहे." त्यांनी तीन ठिपक्यांचा कागद पुढे केला आणि सारे सांगितले. मला ते कळले. इतक्या वर्षांत त्यांचे पहिल्यांदाच काही कळले, आणि ते अगदीच सोपे होते. तेव्हा पाने वाचली असती तर मला ते दिसले असते का, हे मी सांगू शकत नाही. पण अडखळलो मी नक्कीच असतो.

"बाई, मी ती पानं वाचली नव्हती."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"तुम्ही एकही शंका काढली नाहीत. बारा पानांत माणूस एकदा तरी अडतो."

"मग आभारात माझं नाव का घातलंत? 'काळजीपूर्वक वाचनाबद्दल' असं लिहिलंय तुम्ही."

"मग कोणाचं घालू?" त्यांनी खरोखरच विचारावे तसे विचारले. त्या उठल्या आणि विभागप्रमुखांकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो. त्यांच्यासाठी गेलो की पुढे काय होते ते पाहायला, हे मला आजही ठरवता येत नाही.

विभागप्रमुखांनी कागदाकडे पाहिले नाही. त्यांनी आधी दार लोटले.

"हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"यांना."

"यांचं सोडा. बाई, दोन बाहेरच्या परीक्षकांना जे दिसलं नाही, ते तुम्हालाच कशाला दिसायला हवं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे, सर. आत काही नाही हे मला दिसतंय."

"अहो, पदवी घ्या. मग सावकाश शोधनिबंध लिहा, त्यात चूक सुधारा. तुमचंच संशोधन पुढे गेलं असं होईल. ती पोरगी दोन वर्षं ताटकळली आहे, तिचा तरी विचार करा."

"तिचाच करते आहे. तिला पहिल्या दिवशी मी काय शिकवू? सातवं पान?"

"आठव्यापासून शिकवा," विभागप्रमुख म्हणाले. आयुष्यात त्यांच्या तोंडून निघालेला हा एकमेव विनोद असावा, आणि तो त्यांनी गंभीरपणे केला होता.

मीही बाहेर आल्यावर बाईंना गप्प राहण्याचाच सल्ला दिला. तो नोंदवणे भाग आहे. मी म्हणालो की येथे खोट्या अहवालांवर इमारती उभ्या आहेत, तुमच्या तीन ठिपक्यांनी कोणाचे काय वाकडे होणार? बाई म्हणाल्या, "कोणाचंच नाही. म्हणून तर कोणी शोधायला येणार नाही." पुढचे आठ दिवस त्यांनी रजा घेतली आणि विधान वाचवण्याचा प्रयत्न केला. त्यातून जे वाचले ते एवढेच, की त्या अटीखाली चुकीच्या क्रमानेही दोन फेऱ्यांत यादी नेहमी पूर्ण होते. याची सिद्धता चार ओळींची होती. ती सुंदर होती आणि निरुपयोगी होती. पुढच्या प्रकरणांना एकच फेरी पुरायला हवी होती.

परीक्षा सकाळी अकराला सुरू झाली. खुर्च्या तीस होत्या, माणसे सात. ज्येष्ठ परीक्षकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले होते. ती मुलगी दुसऱ्या रांगेत वही उघडून बसली होती. बाईंनी फळ्यावर तीन ठिपके काढले, यादीचे उदाहरण सांगितले, आणि म्हणाल्या, "यावरून दिसतं की प्रबंधातलं सातव्या पानावरचं विधान खोटं आहे."

मग ज्येष्ठ परीक्षक पुढे वाकले. "हे उलट क्रमानं खरं आहे ना?"

"उलट क्रमानं खरं आहे. सिद्धता त्याच क्रमाची आहे. मी ती या क्रमाला वापरली."

"मग क्रम बदला आणि पुढे चला."

"पुढच्या तीन प्रकरणांना हाच क्रम लागतो."

"आम्ही दोघांनी प्रबंध पूर्ण वाचला आहे," धाकटे परीक्षक दुखावल्या स्वरात म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "मीही वाचला होता. चौदा वर्षं."

मुलीने वहीत काहीतरी लिहिले आणि खोडले. विभागप्रमुख छताकडे पाहत होते. निर्णयाला दहा मिनिटेही लागली नाहीत: प्रबंध दुरुस्तीसाठी परत, दोन वर्षांची मुदत. जेवण ठरल्याप्रमाणे झाले. बाई जेवायला आल्या नाहीत, आणि त्या आल्या नाहीत हे परीक्षकांच्या लक्षात आले ते बिलावर सह्या होताना.

दोन वर्षांची मुदत पाच महिन्यांच्या नोकरीला काय उपयोगाची? निवृत्तीनंतर पदवी मिळाली तरी नव्याने मार्गदर्शक होता येत नाही, असे दुसऱ्या एका नियमात होते. मी अर्ज केला, स्मरणपत्रे पाठवली, अपवाद करता येतो असे दाखवणारे जुने दोन आदेश जोडले. सगळे कागद 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' त्याच विभागप्रमुखांकडे परत आले. मुलीने दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या विषयात नाव नोंदवले. निरोप घ्यायला ती बाईंच्या घरी गेली होती. बाईंनी आपल्या नऊ वह्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने सभ्यपणे एक घेतली, सर्वांत पातळ.

बाई राहतात ते घर एका शिवणयंत्रांच्या दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या, एक लांब टेबल, आणि खालून दिवसभर यंत्रे चालवून पाहिल्याचा आवाज. त्यांच्या निवृत्तीनंतर मी रविवारी दुपारी चारला तेथे जाऊ लागलो. मला बोलावले नव्हते. पहिल्या रविवारी मी दारात म्हणालो, "बाई, तिसरं प्रकरण वाचायचं म्हणतो." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि तिसरे प्रकरण आणून दिले. तेव्हापासून मी वाचतो आहे. दर पानावर चार-चार ठिकाणी खूण करतो. बाई प्रत्येक खुणेपाशी थांबतात आणि सांगतात; काही वेळा त्यांना माझी शंका समजूनच घ्यावी लागते, कारण मलाच ती नीट विचारता येत नाही. पंचवीस वर्षे जे वापरले नाही ते रविवारच्या दोन तासांत परत येत नसते. बाईंना हे माझ्याआधी कळले असावे. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही.

गेल्या रविवारी त्यांनी विचारले, "सातव्या पानावरची अट काढूनच टाकली, तर मग दोन फेऱ्यांचंही बंधन राहत नाही. समजा, एकामागून एक फेऱ्या करतच राहिलो. पहिली, दुसरी, तिसरी. मोजता येतील तेवढ्या सगळ्या. त्या साऱ्या संपल्यावर तरी यादी पूर्ण झालेली असेल का?"

"असेल, असं वाटतं."

"का?"

मी टेबलाकडे पाहिले. एवढे सगळे केल्यावर आणखी काय उरणार, एवढेच मनात येत होते, आणि ते कारण नव्हे हे मला समजत होते. बाई थांबल्या. वर्गात मुलांसाठी थांबत तितक्याच थांबल्या. खालच्या दुकानात कोणीतरी यंत्राचे चाक फिरवून पाहत होते.

"नसते," त्या अखेर म्हणाल्या. "सगळ्या फेऱ्या मिळून जे जमतं, त्याच्यामुळे काहीतरी नवीन आत यावं लागतं, जे कुठल्याही एका फेरीला आणता आलेलं नसतं. थांबा, दाखवते."

त्यांनी कोरा कागद घेतला आणि ओळीने ठिपके काढायला सुरुवात केली. काढताना पहिल्या चार-पाच ठिपक्यांना त्या काहीतरी सांगत होत्या, माझ्याकडे पाहून. मग नुसते ठिपक्यांकडे पाहून. मग सांगणे थांबले. कागद संपला तेव्हा त्यांनी दुसरा जोडला. मी पावणेसहापर्यंत बसलो, आणि निघालो तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारले, "कोण?"

"मीच, बाई. निघतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि ओळ पुढे चालू राहिली.